जुना डीटीपी कॉम्प्युटर सोमवारी सुरूच होत नाही: फॉरमॅट मारण्याआधी काय काय तपासायचं

शनिवारी संध्याकाळी कॉम्प्युटर नीट बंद केलेला असतो. सोमवारी सकाळी चालू केला की पेजमेकर उघडायच्या आधीच काळ्या पडद्यावर एक ओळ येते आणि गाडी तिथेच थांबते. छोट्या छापखान्यांतून, लग्नपत्रिकांच्या दुकानांतून आणि घरी बसून दिवाळी अंकांची पानं लावणाऱ्यांकडून ही तक्रार माझ्याकडे वर्षानुवर्षं येते आहे. मशीन बहुतेक वेळा एकाच पिढीचं असतं: पेंटियम टू किंवा थ्री, विंडोज ९८, आणि मागच्या प्रिंटर पोर्टात अडकवलेला मराठी सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे ते चालायला लागणारी किल्ली. आधी लक्षणं सांगतो. तुमचं कोणतं ते बघा.

- चालू करताना ‘सीमॉस चेकसम एरर’ किंवा ‘सीमॉस बॅटरी लो’ असं येतं. एफ१ दाबलं की पुढे जातो.
- विंडोज येतं, पण तारीख १ जानेवारी १९८० असते, नाहीतर मदरबोर्ड ज्या साली बनला ते साल दिसतं.
- ‘डिस्क बूट फेल्युअर’ किंवा ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ येऊन सगळं थांबतं.
- बाकी सगळं चालतं, पण मराठी सॉफ्टवेअर म्हणतं की डोंगल सापडत नाही.
- पंखा फिरतो, पडदा काळाच राहतो, कधी बीप वाजतात.
- सुरू होतो, पण अर्ध्या-पाऊण तासाने अडकतो किंवा आपोआप रिस्टार्ट होतो. नुकतीच रॅम वाढवली असेल किंवा मोठी डिस्क टाकली असेल तर हे हमखास.

पहिली चार लक्षणं वेगवेगळ्या आजारांची वाटतात, पण त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. तेही मदरबोर्डवरच्या रुपयाएवढ्या सेलमध्ये. ते न बघता ‘डिस्क गेली’ म्हणून फॉरमॅट मारलेले कॉम्प्युटर मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याबरोबर गेलेली पंधरा-पंधरा वर्षांची कामंही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात आधी: काय करायचं नाही

फॉरमॅट करायचं नाही. डिस्कचे विभाग पाडणारं एफडिस्क चालवायचं नाही. विंडोज पुन्हा टाकायचं नाही. कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी नाही.

श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्या काळी टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये नाही. तो त्या त्या फॉन्टच्या स्वतःच्या संकेतात आहे. सुरेख किंवा योगेश फॉन्ट मशीनवर नसेल तर तोच मजकूर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होऊन समोर येतो. म्हणजे नुसत्या फाइली वाचवून भागत नाही. फॉन्ट, सॉफ्टवेअर, त्याची ड्रायव्हर आणि डोंगल या सगळ्यांचा संसार एकत्र टिकला पाहिजे. नव्या मशीनवर तो पुन्हा मांडायला मूळ फ्लॉपी किंवा सीडी लागते, आणि ती कुठे आहे हे आता कुणालाच आठवत नसतं.

एक गोष्ट कानाने तपासा. डिस्कमधून ठरावीक अंतराने ‘टक्... टक्... टक्’ असा आवाज येत असेल तर पुढचं काहीही करू नका. मशीन बंद करा, वायर काढा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे डिस्क न्या. वाचणारं डोकं जागेवर बसत नाही तेव्हा असा आवाज येतो. अशी डिस्क पुन्हा पुन्हा चालू केली तर तबकडीवर ओरखडे पडण्याचा धोका वाढतो.

तपासणी १: तारीख आणि सेल

याला पैसे लागत नाहीत. कॉम्प्युटर चालू करा, डिलीट दाबून बायॉसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रॅममध्ये; त्याची सेटिंग्ज सीमॉस मेमरीत असतात) जा आणि तारीख-वेळ बघा. चुकलेली असेल तर बरोबर करून सेव्ह करा, बंद करा, भिंतीवरचं बटणही बंद करा. तासाभराने पुन्हा बघा. तारीख परत मागे गेली असेल तर सेल संपला आहे.

बिघाड नेमका सोमवारीच का दिसतो? एटीएक्स मशीन बंद असलं तरी भिंतीचं बटण चालू असेपर्यंत एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) मदरबोर्डला ५ व्होल्टचा बारीक पुरवठा चालूच राहतो, आणि घड्याळ त्यावर चालतं. सेल मेलेला असला तरी आठवडाभर कळत नाही. शनिवारी दुकान बंद करताना मेन स्विच खाली केला की घड्याळ आणि बायॉसची सेटिंग्ज पूर्णपणे सेलच्या भरवशावर राहतात. सुट्टीनंतरच बिघडतो, एरवी चालतो, असं कोणी म्हटलं की मी आता खिशात सेल घेऊनच जातो.

सेल सीआर२०३२ हवा. या आकड्याचा अर्थ सरळ आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. दुकानदार २०२५ किंवा २०१६ देऊन ‘चालेल’ म्हणेल, पण ते पातळ असतात, क्लिपमध्ये सैल बसतात आणि महिन्याभरात तीच तक्रार परत येते. सीलबंद पाकिटातला घ्या. मल्टिमीटर असेल तर मोजा: नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.८ च्या खाली गेलेला बदला. बदलताना मागची वायर काढा, अधिक खूण वर ठेवा, आणि धातूची क्लिप स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. ती एकदा वाकली की नव्या सेललाही नीट टेकत नाही. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेतू शकतं.

नवा सेलही दोन-तीन महिन्यांत संपत असेल तर सेलशेजारचा सीमॉस क्लिअरचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) बघा. कुणीतरी तो पुसण्याच्या जागी सोडून दिलेला असू शकतो.

तपासणी २: सेल बदलला, आता सेटिंग्ज

बरेच जण सेल बदलून थांबतात आणि मग म्हणतात, ‘तरी डिस्क दिसत नाही, म्हणजे डिस्कच गेली.’ खरं तर सेल मेला तेव्हा बायॉसने स्वतःची सगळी सेटिंग्ज पुसून कारखान्यातली मूळ सेटिंग्ज लावलेली असतात. नवा सेल जुनं काही परत आणत नाही. ते आपल्यालाच भरायचं असतं.

डिस्कचं बघा. त्या काळच्या बायॉसमध्ये डिस्क वाचण्याच्या तीन पद्धती असत: नॉर्मल, लार्ज आणि एलबीए. डिस्क ज्या पद्धतीत फॉरमॅट झाली त्याच पद्धतीत वाचली पाहिजे. पद्धत बदलली की बायॉस डिस्कवरच्या जागा वेगळ्या हिशेबाने मोजतो, भलत्याच ठिकाणी विंडोज शोधतो आणि ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतो. डिस्कवर सगळं जिथल्या तिथे असतं. नेमक्या याच क्षणी कोणी एफडिस्क चालवलं तर विभागांचा तक्ता नव्याने लिहिला जातो आणि नसलेला बिघाड खरा होतो. आधी ‘ऑटो’ ठेवून बघा, मग एलबीए, मग लार्ज. नुसतं वाचून बघण्याने डिस्कचं काही बिघडत नाही.

तालुक्याच्या गावातल्या एका छापखान्यात मी असाच गेलो होतो. मालक सत्तरीचे. आदल्या दिवशी कुणीतरी बघून ‘डिस्क संपली, नवी टाकू’ असं सांगून गेलं होतं. काकांनी टेबलावर देवस्थानाच्या स्मरणिकांचे जुने अंक रचून ठेवले होते. म्हणाले, ‘आता हे सगळं परत टाइप करायचं का?’ मी सेल बदलला, डिस्कची पद्धत लार्जवरून एलबीएवर नेली आणि सेव्ह केलं. ढगांचं निळं चित्र पडद्यावर आलं तेव्हा काकांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता, आणि डेस्कटॉपवरची चिन्हं एकेक करून उमटेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. काम दहा मिनिटांचं होतं. तो चेहरा आठवतो, म्हणूनच फॉरमॅटचं इतकं बजावून सांगतो.

डोंगलचंही तसंच. प्रिंटर पोर्टचा पत्ता ३७८ आणि आयआरक्यू ७ ही नेहमीची जोडी. मोडच्या जागी एसपीपी, ईपीपी, ईसीपी असे पर्याय असतात. जुने डोंगल ईसीपीमध्ये अनेकदा ओळखू येत नाहीत, आणि बायॉसची मूळ सेटिंग्ज लागताना मोड नेमका तिथेच जाऊन बसू शकतो. आधी एसपीपी, म्हणजे काही बायॉसमध्ये ‘नॉर्मल’, लावून बघा, मग ईपीपी. डोंगलच्या मागे प्रिंटरची केबल असेल तर ती काढून तपासा, कारण बंद प्रिंटर सिग्नल खाली ओढून ठेवतो. डोंगल काढताना-घालताना मशीन बंदच हवं. दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळा. लोंबता डोंगल पोर्टाच्या पिना सैल करतो. यूएसबीला प्रिंटर पोर्ट जोडणारी वायर इथे उपयोगाची नाही. ती छपाईपुरती असते, आणि डोंगलच्या सॉफ्टवेअरला थेट त्या ३७८ पत्त्यावर बोलायचं असतं.

तारीखही लगेच बरोबर करा. १९८० ची तारीख असताना सेव्ह केलेली आजची पानं कॉपी करताना जुनी समजली जातात, आणि ‘नवी ठेवू की जुनी’ या प्रश्नाला चुकीचं उत्तर दिलं की आजचं काम जातं.

सगळं जमलं की बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. डिस्कची पद्धत, पोर्टचा पत्ता आणि मोड, सेल बदलल्याची तारीख कागदावर लिहून कॅबिनेटच्या पत्र्याला आतून चिकटवा.

तपासणी ३: खोडरबर

पडदा काळा आणि बीप वाजत असतील तर ते ऐका. अ‍ॅवॉर्ड बायॉसमध्ये एक लांब, दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड. लांब बीप एकसारखे वाजत राहिले तर रॅम. वायर काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा, रॅमची पट्टी काढा आणि तिच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा. रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. डिस्प्ले कार्डाचंही असंच. कोकणातल्या मशीनमध्ये पावसाळ्यानंतर हा उपाय इतक्यांदा लागू पडतो की तिथे मी सेलच्या आधी खोडरबर काढतो. दमट हवेत या संपर्कांवर थर बसतो. तो डोळ्यांना दिसतोच असं नाही.

डिस्कची रिबन केबलही काढून पुन्हा बसवा. लाल कडा एक नंबरच्या पिनेकडे.

तपासणी ४: अलीकडे काय वाढवलंत?

मशीन चालत होतं, त्यात भर घातली आणि बिघडलं, तर भर काढून बघा. सोपं आहे, पण हौसेने आणलेला पार्ट काढायला हात धजावत नाही.

रॅमचा मोह सगळ्यात मोठा. विंडोज ९८ ला ५१२ एमबीच्या वर रॅम दिली की त्याची डिस्क-कॅश पत्त्यांची इतकी जागा अडवते की विंडोज सुरू होतानाच ‘मेमरी अपुरी’ असं म्हणू शकतं. जास्त रॅममुळे कमी पडल्याची तक्रार! सेटिंग बदलून मर्यादा घालता येते, पण पेजमेकरला २५६ एमबी भरपूर आहे. तेवढीच ठेवा. पेंटियम एमएमएक्सच्या काळातल्या ४३०टीएक्स चिपसेटवर (बोर्डावरच्या मुख्य चिपांच्या संचावर) कॅशचा, म्हणजे जवळच्या जलद मेमरीचा, फायदा पहिल्या ६४ एमबीलाच मिळतो. त्यापुढे रॅम वाढवली की मशीन उलट मंदावतं. ४४०बीएक्सच्या बोर्डात २५६ एमबीची पट्टी १२८ च दिसली तर पट्टी खराब नसते. आठच चिप असलेली दाट पट्टी त्या चिपसेटला अर्धीच वाचता येते. सोळा चिपवाली घ्या.

डिस्कच्या बाबतीत तीन भिंती लक्षात ठेवा: जुन्या बायॉसला ८.४ जीबी, १९९९ च्या आधीच्या बऱ्याच अ‍ॅवॉर्ड बायॉसना साधारण ३२ जीबी, आणि विंडोज ९८ च्या स्वतःच्या ड्रायव्हरला १३७ जीबी. दुसरी ओलांडली की मशीन डिस्क शोधताना अडकूनच बसतं. तिसरी ओलांडली तर ते जास्त घातक, कारण सुरुवातीला सगळं नीट चालतं आणि डिस्क भरत आली की लिखाण पुन्हा सुरुवातीच्या जागेवर जाऊन पडतं. मी आता फिरती डिस्क टाकतच नाही. आयडीई (रिबन केबलच्या जोडणीच्या) अडॅप्टरवर ८ किंवा १६ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवतो. मूळ डिस्कची हुबेहूब प्रत त्यावर उतरवायची आणि मूळ डिस्क कापडात गुंडाळून कपाटात ठेवायची.

तपासणी ५: एसएमपीएस

इथून मल्टिमीटर हवाच. मशीन चालू ठेवून डिस्कच्या मोकळ्या चार पिनांच्या जोडणीवर मोजा. काळी आणि लाल यांच्यात ४.७५ ते ५.२५ व्होल्ट, काळी आणि पिवळी यांच्यात ११.४ ते १२.६. पेजमेकर उघडून, डिस्क फिरत असतानाही मोजा. रिकाम्या मशीनवर बरोबर दिसणारा ५ व्होल्ट कामाला लागताच ४.६ वर येताना मी पाहिला आहे. अर्ध्या तासाने रिस्टार्ट होण्याचं कारण तेच होतं.

नवा एसएमपीएस आणताना वरच्या मोठ्या वॅटच्या आकड्यावर जाऊ नका. जुने बोर्ड बरीचशी वीज ५ व्होल्टमधून ओढतात, आजकालच्या एसएमपीएसची ताकद १२ व्होल्टमध्ये असते. बाजूच्या तक्त्यात ५ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. मी २० च्या खालचा घेत नाही.

एसएमपीएस उघडायचा नाही. आपल्या २३० व्होल्टचे आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ राहतात. जुना काचेचा मॉनिटर तर त्याहून धोक्याचा, त्यात हजारो व्होल्ट असतात. इथे थांबा.

तपासणी ६: फुगलेले कपॅसिटर आणि गळालेली बॅटरी

टॉर्च घेऊन प्रोसेसरच्या भोवतीचे उभे डबे बघा. त्यांचं डोकं सपाट असायला हवं. फुगलेलं असेल, किंवा फुलीच्या खाचेतून तपकिरी काही आलं असेल, तर तो गेला. १९९९ ते २००७ च्या सुमारास बनलेल्या बोर्डांमध्ये खराब द्रवाचे कपॅसिटर मोठ्या प्रमाणावर गेले होते. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचे, लो-ईएसआर जातीचे, आणि उणे बाजू बरोबर.

हे स्वतः करू नका, असं मी स्पष्ट सांगेन. मदरबोर्ड अनेक थरांचा असतो, आतला तांब्याचा थर सगळी उष्णता ओढून घेतो, साध्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळत नाही. मग माणूस जोर लावतो आणि भोकातली नळीच कपॅसिटरबरोबर बाहेर येते. टीव्ही-इन्व्हर्टरचे बोर्ड रोज दुरुस्त करणारा चांगला कारागीर हे काम तासाभरात करतो.

मशीन ३८६ किंवा ४८६ असेल, म्हणजे सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावून डॉसमध्ये मराठी दिसायचं त्या काळातलं, तर तिथे बटण सेलऐवजी ३.६ व्होल्टची पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी बोर्डावर सोल्डर केलेली असते. ती गळते. एका बोर्डात मी पाहिलं: बॅटरीखालून हिरवट-निळी पूड निघून कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत गेली होती, आणि नखाने हलकंच खरवडल्यावर खाली तांब्याची रेघच उरलेली नव्हती. तुमचा बोर्ड अजून स्वच्छ दिसत असेल तर आजच कापून काढा, मशीन चालत असलं तरीही. अर्थात आधी बायॉसमधली डिस्कची सिलिंडर, हेड, सेक्टर ही आकडेवारी उतरवून घ्या, कारण ती पुसली जाणार. थोडीच पूड असेल तर पांढऱ्या व्हिनेगरचा बोळा फिरवा (गळालेला द्रव अल्कधर्मी असतो), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवा. रेघा खाल्ल्या असतील तर कारागिराकडे.

बोर्डच गेला तर दुसरा कोणता घ्यायचा

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आडगल्ल्या आणि पुण्यातला जुना बाजार इथे अजून काही मिळतं, पण सगळ्यात चांगली मशीन बंद पडलेल्या ऑफिसांच्या माळ्यावर असतात. मी घेताना वेग बघत नाही. बोर्डावरच प्रिंटर पोर्ट हवा, जिस्टसारखं जुनं कार्ड असेल तर आयएसए स्लॉट हवा, आणि सेल बदलता येणारा हवा. काही बोर्डांवर डॅलसची काळी घड्याळ-चिप असते. तिची बॅटरी आतच बंद असते, ती संपली की चिपच बदलावी लागते.

विंडोज ९८ साठी १९९८ मध्ये आलेल्या ४४०बीएक्स चिपसेटचा पेंटियम टू-थ्री बोर्ड मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. फार वेगवान मशीनवर काही जुने डॉस प्रोग्रॅम सुरूच होत नाहीत. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले ‘रनटाइम एरर २००’ देतात, कारण सुरुवातीला प्रोसेसरचा वेग मोजताना त्यांचा भागाकार हाताबाहेर जातो. फॉक्सप्रो २.६ मध्येही असाच भागाकाराचा घोळ होतो.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्या दुकानातच मशीन चालू करून बायॉसमध्ये जा, प्रोसेसरभोवती टॉर्च मारा, आणि तुमचा डोंगल आणि तुमची डिस्क, किंवा तिची कार्डावरची प्रत, बरोबर न्या. प्रतच नेणं चांगलं. दुसऱ्या बोर्डावर विंडोज पहिल्यांदा सुरू होताना नवी ड्रायव्हर मागत राहतं, त्या गोंधळात मूळ डिस्क नको.

कारागिराला बोलावलंत तर मशीन त्याच्या हाती देण्याआधी एवढंच लिहून कॅबिनेटवर चिकटवा: ‘फॉरमॅट करू नये. एफडिस्क चालवू नये. डोंगल काढल्यास मालकाच्या हातात द्यावा.’ मोठ्या अक्षरात, मराठीत. दुकानातला मुलगा संध्याकाळी मालक नसताना काम संपवायला बसतो, आणि त्याच्यासमोर तेवढा एकच कागद असतो.